जुनं पिनबॉल मशीन ऑनलाइन बघून घ्यायचंय, काय काय तपासू?

गवती_चहा
नमस्कार मंडळी. नवऱ्याची पन्नाशी ऑक्टोबरात आहे. पुण्यात नोकरीला होता तेव्हा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोजमधलं ते अंतराळवालं पिनबॉल होतं ना, जेवणाच्या सुट्टीत हा आणि त्याचे तीन मित्र एका हातानं डबा खात त्यावर पैजा लावायचे, हरेल त्यानं सगळ्यांना कटिंग पाजायचा. अजूनही त्या खेळाचे आवाज तोंडानं काढून दाखवतो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही इथे न्यू जर्सीत ॲस्बरी पार्कच्या सिल्व्हरबॉल म्युझियममध्ये गेलो होतो. तिथे एकदा आत शिरायचे पैसे भरले की मशीनमध्ये नाणी टाकायची नाहीत, हवं तेवढं खेळा. हा चार तास जागचा हलला नाही, मुलं कंटाळून बीचवर गेली.

तेव्हाच ठरवलं की पन्नाशीला खरं मशीन द्यायचं. नवीन परवडणार नाही, म्हणून जुनं शोधतेय. परवा एका साइटवर ॲडम्स फॅमिली नावाचं मशीन दिसलं, २,४०० डॉलर. फोटो एकदम चकाचक. माणूस म्हणतो पेनसिल्वेनियात आहे, बदली झालीय म्हणून घाईत काढतोय, अजून दोघं बघायला येणार आहेत, तेव्हा २५० डॉलर विसार पाठवा म्हणजे तुमच्यासाठी ठेवतो. पाठवू का? आणि बघायला गेले तर काय बघू? मला मशीनमधलं ओ की ठो कळत नाही.

मुक्काम_शिकागो
ताई, थांबा. एक डॉलरही पाठवू नका.

ॲडम्स फॅमिली बॅलीनं १९९२ मध्ये काढलं, २०,२७० नग विकले गेले, आधुनिक काळात सगळ्यात जास्त खपलेलं मशीन तेच. म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही, पण मागणी एवढी आहे की चालू स्थितीतलं मशीन या भावाच्या दुपटीत मिळालं तरी मी रात्री उठून घ्यायला जाईन. ज्याच्याकडे ते आहे त्याला त्याचा भाव माहीत असतो. बदलीची घाई, अजून दोघं येताहेत आणि विसार पाठवा, ही तीन वाक्यं एकत्र आली की समजायचं समोर मशीनच नाहीये. फोटो दुसऱ्या कुणाच्या तरी जुन्या जाहिरातीतले असतात.

दोन गोष्टी करा. फोटोत मागची भिंत बघा, सॉकेट कसलं आहे. आणि त्याला सांगा की कागदावर तुमचं नाव लिहून मशीनच्या काचेवर ठेवून मिनिटभराचा व्हिडिओ पाठव.

रानमेवा
वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे, नवरा रोज रात्री जाहिराती बघत बसतो.

गवती_चहा
@मुक्काम_शिकागो, अहो सॉकेट गोल आहे! आत खोलगट आणि दोन भोकं. अमेरिकेत असं कुठे असतं? ते तर युरोपातलं वाटतंय. व्हिडिओ मागितला तर म्हणाला माझा फोन बिघडलाय, आणि दहा मिनिटांत जाहिरातच गायब. अंगावर काटा आला. तुमचे खूप खूप आभार, माझं बोट अक्षरशः सेंड बटणावर होतं.

तात्या_डलास
वाचलात ताई.

आमच्या वडलांच्या वेळची म्हण आहे, पाण्यात म्हैस बाहेर मोल. म्हैस पाण्यात बसलेली असताना नुसती शिंगं बघून भाव करू नये. वडील मिरजेच्या बाजारातून म्हैस आणायचे तर आदल्या संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे एकदा, अशा दोन धारा स्वतः काढून बघायचे आणि मगच पैसे मोजायचे. मी आजवर सात मशीनं घेतली आणि चार विकली, त्या प्रत्येक वेळी हेच डोक्यात ठेवलंय. फोटो म्हणजे पाण्यातली म्हैस. समोर उभं राहून, मशीन थंड असताना चालू करायला लावायचं आणि तीन गेम स्वतः खेळायचे. आपण पोचायच्या आधीच मशीन चालू करून ठेवलेलं दिसलं तर बंद करायला सांगा, वीस मिनिटं गप्पा मारा, मग परत चालू करा. थंड मशीन चालू होताना जे रडतं ते गरम झाल्यावर लपतं.

विद्युत_वारकरी
@गवती_चहा, ओ की ठो कळत नाही असं म्हणू नका, जे बघायचं ते डोळ्यांना दिसतं, त्याला इंजिनियर लागत नाही. मी ओहायोत गेली अकरा वर्षं शनिवार-रविवार हीच मशीनं दुरुस्त करतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी मालकाला काच काढायला सांगा. नाणी टाकायचं पुढचं दार किल्लीनं उघडतं, आत हात घातला की एक खिटी लागते, ती ओढली की पुढची लोखंडी पट्टी उचलून हातात येते आणि काच आपल्या दिशेनं सरकत बाहेर निघते. ज्याचं मशीन आहे त्याला हे अर्ध्या मिनिटात जमतं. जो म्हणतो किल्ली हरवलीय त्याच्याकडून किल्ली सापडेपर्यंत घेऊ नका. काच निघाली की बोटानं प्लेफिल्ड, म्हणजे ज्यावर बॉल पळतो तो लाकडी पाट, चाचपा. रंगीत प्लास्टिकच्या गोल खिडक्या असतात ज्यांच्याखाली दिवा लागतो, त्या लाकडाच्या बरोबरीत हव्यात, खाली बसल्या असतील तर बॉल तिथे अडखळतो. चेंडू जिथून सुटतो त्या गल्लीच्या तोंडाशी आणि फ्लिपरच्या, म्हणजे बटण दाबल्यावर बॉल उडवणाऱ्या दांड्यांच्या, वरच्या बाजूला रंग उडून लाकूड दिसतं का ते बघा. फोटोत नेमकी हीच जागा चमक मारून गेलेली असते.

मग प्लेफिल्ड वर उचलून टेकवायला सांगा. आतून पहिल्यांदा वास घ्या. जळकट वास आला तर विचारा. फ्यूज बघा. एकदा एका गृहस्थांच्या मशीनमध्ये मला फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला सापडला, आणि त्या फ्यूजवरच्या कॉइलचं, म्हणजे तारेच्या गुंडाळीचं, प्लास्टिक वितळून मधासारखं खाली ओघळून थिजलेलं होतं. मशीन उत्तम चालत होतं. पण असल्या मशीनला आग लागते हो, घरात मुलं झोपलेली असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बॅटरी. डोक्यात, म्हणजे वरच्या उभ्या खोक्यात, सर्किट बोर्ड असतात. विल्यम्स आणि बॅलीच्या नव्वदीच्या मशीनमध्ये मुख्य बोर्डावरच तीन पेन्सिल सेल असतात, हायस्कोर लक्षात ठेवायला. ते दहा-दहा वर्षं कुणी बदलत नाही, ते फुटतात आणि त्यातलं रसायन बोर्डावर खाली उतरतं. १९७७ ते ८५ च्या बॅलीत तर बॅटरी बोर्डाला डाग देऊनच बसवलेली असायची. बॅटरीच्या खाली हिरवी किंवा पांढरी भुकटी दिसली, पावसाळ्यात तांब्याच्या भांड्यावर चढते तशी, तर तो बोर्ड आजारी आहे असं धरून भाव करा. आज चालेल, सहा महिन्यांनी बसेल.

आणि खेळताना एक युक्ती, नव्वदीच्या मशीनमध्ये दोन्ही फ्लिपर एकदम पाच-सात वेळा जोरात दाबा. मशीन मध्येच बंद होऊन परत सुरू झालं तर पाच व्होल्टचा पुरवठा खचतोय. दुरुस्ती फार महाग नाही, पण मालकाला ते माहीत असतं आणि बहुतेक वेळा तो सांगत नाही. त्या काळच्या मशीनच्या डिस्प्लेवर क्रेडिटच्या आकड्यानंतर छोटा टिंब दिसला तर ते मशीन स्वतःच सांगतंय की माझं काहीतरी बिघडलंय. दाराच्या आतल्या बटणांनी टेस्ट मेनू उघडतो, तिथे कुठला स्विच मेलाय ते नावानिशी लिहून येतं.

मधुरा_के
@विद्युत_वारकरी, टिंबाचं माहीतच नव्हतं! आमच्या फिश टेल्स मशीनवर तीन वर्षं ते टिंब आहे आणि आम्ही समजत होतो की डिस्प्लेचा एक दिवा अडकलाय. आत्ता खाली जाऊन बघितलं. एक स्विच मेलाय म्हणे. आज रात्री जागरण.

पेठेतला_नितीन
मी जरा वेगळं मत मांडतो. एवढ्या पैशात आणि एवढ्या कटकटीत पडण्यापेक्षा आडवा टीव्ही टाकून बनवलेलं व्हर्च्युअल पिनबॉल घ्या ना, एकाच खोक्यात शेकडो टेबलं, ना बॅटरी गळायची ना कॉइल जळायची. शंभर-सव्वाशे किलोचं धूड घरात आणून कोण त्याची उठबस करणार. ताईंच्या मिस्टरांनी तर मूळ खेळ स्क्रीनवरच खेळलाय.

तात्या_डलास
@पेठेतला_नितीन, नितीनराव, तुमचा मुद्दा पैशाच्या हिशोबानं बरोबर आहे पण हाताच्या हिशोबानं नाही. खऱ्या मशीनचा बॉल सव्वा इंचाहून थोडा कमी, ८० ग्रॅमचा भरीव पोलादी गोळा असतो. तो फ्लिपरवर आदळतो तेव्हा लाकडातून मनगटापर्यंत येतं. तुम्ही मशीनला कमरेनं हलका धक्का देता आणि बॉल वाट बदलतो, जास्त धक्का दिलात तर आतला लोंबता गोळा कड्याला टेकतो आणि टिल्ट, म्हणजे तो बॉल बाद. स्क्रीनवर हे कसं येणार? एकदा खेळून बघा, मग बोलू.

विद्युत_वारकरी
बॉल १ १/१६ इंच, म्हणजे २७ मिलिमीटर. वजन बरोबर आहे. आणि ॲडम्स फॅमिलीत प्लेफिल्डखाली लोहचुंबक आहेत, खेळता खेळता बॉल आपोआप वळतो. ते स्क्रीनवर नुसतं चित्र राहतं.

गिरगावकर
अवांतर: हे सगळं वाचून मला आमच्या चाळीतला बॅगाटेल आठवला. कुणाकुणाकडे होता? वरून अर्धगोल लाकडी पाट, त्यावर खिळ्यांची नक्षी, खिळ्यांच्या कोंडाळ्यात ५०, १००, ५०० असे आकडे, आणि उजव्या बाजूच्या गल्लीतून काठीनं किंवा स्प्रिंगनं गोळी मारायची. आमच्या आतेभावानं गॅरेजमधून सायकलच्या बेअरिंगचे छर्रे आणले होते. मे महिन्यात दुपारी सगळी मोठी माणसं झोपली की गॅलरीत तो पाट, आणि खाली एक पुस्तक सारून उतार कमीजास्त करण्यावरून मारामाऱ्या. आजी आतून ओरडायची, अरे तो खडखडाट थांबवा.

हे मशीन म्हणजे त्याचंच पुढचं पोर ना?

मुक्काम_शिकागो
@गिरगावकर, अगदी सख्खं पोर. १८७१ मध्ये सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाच्या माणसानं बॅगाटेलमधल्या सुधारणांचं पेटंट घेतलं, स्प्रिंगचा दांडा त्यातलाच. पण फ्लिपर आले ते थेट १९४७ मध्ये, गॉटलिबच्या हम्प्टी डम्प्टीवर. त्याआधी बॉल सोडायचा आणि मशीन हलवत देवाचं नाव घ्यायचं. म्हणूनच लोक त्याला जुगार म्हणायचे. न्यूयॉर्कमध्ये १९४२ मध्ये मेयर ला गार्डियानं बंदी घातली, जप्त केलेली मशीनं हातोड्यानं फोडतानाचे त्याचे फोटो आहेत. ती बंदी चक्क १९७६ पर्यंत चालली. उठली कशी, तर रॉजर शार्प नावाच्या तरुणानं नगर परिषदेच्या लोकांसमोर मशीन ठेवलं, आधी सांगितलं की आता बॉल अमुक गल्लीतून जाईल, दांडा ओढला, आणि बॉल गेला. हा नशिबाचा खेळ नाही, हातातलं कसब आहे, हे एका बॉलमध्ये सिद्ध झालं. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच वाटते.

बॅली, विल्यम्स, गॉटलिब, आताची स्टर्न, सगळ्या आमच्या शिकागोच्या. त्यामुळे इथे जुन्या जाहिरातींना तोटा नाही, कुणाच्या ना कुणाच्या काकांनी फॅक्टरीत काम केलेलं असतं.

गिरगावकर
वा. खिळ्यांच्या पाटापासून नगर परिषदेपर्यंत. धन्यवाद.

सावंतवाडी_ते_सिएटल
माझा अनुभव लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. चार वर्षांपूर्वी मी एक मशीन न बघता घेतलं, दुसऱ्या टोकाच्या राज्यातून. माणूस खोटा नव्हता, मशीन खरं होतं, फोनवर गोड बोलला, दहा फोटो पाठवले. 'घरगुती वापर' असं जाहिरातीत लिहिलं होतं. ट्रकनं आलं तेव्हा बॉल आतच ठेवलेले, वाटेत उड्या मारून त्यांनी आतल्या दोन रॅम्पचे, म्हणजे बॉल चढतो त्या उतारांचे, तुकडे केले होते. डोक्याची बिजागरी वाकलेली. आणि बॅकग्लास, म्हणजे वरची रंगवलेली काच, तिचा रंग मागच्या बाजूनं पापडासारखा उचलून निघत होता. सेलर म्हणाला पाठवताना सगळं ठीक होतं, ट्रकवाले म्हणाले आधीच मोडलेलं होतं. दोघांच्या मध्ये मी. दोन महिने पत्रं लिहिली, हाती काही आलं नाही.

त्यात भर म्हणजे नाण्याच्या दारावर आतून पट्टी होती, किंमत जर्मन मार्कात! म्हणजे ते मशीन आयुष्यभर जर्मनीतल्या कुठल्या तरी पबमध्ये दिवसरात्र खेळलं जाऊन परत इकडे आलेलं. घरगुती वापर कसला. ते बघून मी पायऱ्यांवर बसून रडले, पैशापेक्षा फसवल्याचं जास्त लागलं.

विद्युत_वारकरी
@सावंतवाडी_ते_सिएटल, वाईट वाटलं वाचून. युरोपात गेलेली बरीच मशीनं कंटेनरनं परत आलेली आहेत, त्यात वाईट काही नाही, पण तसं सांगायला हवं. दाराच्या पट्टीवरचं चलन बघायचं हे फार चांगलं सांगितलंत, मी माझ्या यादीत घालतो. बॅकग्लासचा रंग उडत असेल तर मागून कधीही पुसू नका, फडक्याला सगळं चित्र येतं. टॉर्च मागून धरा, जिथे जिथे उजेड टाचणीसारखा फुटतो तिथे रंग गेलाय.

सावंतवाडी_ते_सिएटल
हो, आणि ते मशीन आता चालतं बरं का. नवऱ्यानं आणि मी मिळून वर्षभर लावून उभं केलं. सोल्डरिंग मी शिकले. विकायचं मात्र कधी नाही.

पेठेतला_नितीन
@तात्या_डलास, तुमच्या ८० ग्रॅमच्या गोळ्यावर दोन दिवस विचार करतोय. भावाला अमेरिकेतून परत यायचंय पुढच्या वर्षी, त्याच्या सामानात एक घालून पुण्याला आणता येईल का? इथे २३० व्होल्ट, जळणार नाही ना?

विद्युत_वारकरी
नितीनराव, स्वागत आहे. नव्वदीच्या विल्यम्स-बॅलीच्या ट्रान्सफॉर्मरला तारांचे जोड बदलून २३० व्होल्टवर चालवता येतं, मॅन्युअलमध्ये आकृती असते, त्या युरोपात विकायच्या म्हणून तशाच बनवल्या होत्या. पण जोड बदलल्याशिवाय चुकूनही प्लग खुपसू नका. सत्तरीतल्या गरगर फिरणाऱ्या आकड्यांच्या मशीनची गोष्ट वेगळी, तिथे ५० आणि ६० हर्ट्झचाही प्रश्न येतो, ती जाणकाराला दाखवल्याशिवाय नको. आणि रबर रिंगा, कॉइलचे स्लीव्ह, फ्लिपरचे भाग, दिवे, असा दोन वर्षं पुरेल इतका डबा भावाच्या बॅगेत आधी भरा. मशीन नंतर.

तात्या_डलास
आता विकणाऱ्यांच्या बाजूनं बोलतो, कारण घेणारेही कमी नाहीत. जाहिरात टाकली की पहिल्या तासात पन्नास लोक विचारतात 'आहे का?' आणि आहे म्हटलं की गप्प. एक जण म्हणाला मी बँकेचा चेक पाठवतो, जरा जास्तीचा, वरचे पैसे तुम्ही ट्रकवाल्याला द्या. असले चेक आठवड्यानं खोटे निघतात आणि आपण दिलेले पैसे गेलेले असतात. दुसरा म्हणाला तुम्ही खरे आहात का बघायला तुमच्या फोनवर सहा आकडी कोड पाठवलाय तो मला सांगा. कधीही सांगू नका.

मी एकच करतो. जाहिरातीत खोट आधी लिहितो. 'डावा फ्लिपर जरा मऊ आहे, उजव्या बाजूला कॅबिनेटवर ओरखडा आहे, एक टार्गेट चिकटतं.' आणि एक सलग व्हिडिओ, मशीन थंड असताना बटण दाबण्यापासून ते एक गेम संपेपर्यंत, मध्ये कट नाही, शेवटी प्लेफिल्ड उचलून खालची बाजू आणि बॅटरीचा कोपरा. बायको म्हणायची एवढे दोष लिहिल्यावर कोण घेईल. चारही मशीनं मी मागितली त्या भावाला किंवा शंभरेक इकडेतिकडे गेली, आणि चौघांपैकी तिघं अजून दिवाळीला फोन करतात. खोट लपवून दोनशे डॉलर जास्त मिळतील, पण मग मशीन चालू झालं नाही की त्या माणसाची रात्र आपल्यामुळे खराब होते. मला ते झेपत नाही.

मधुरा_के
+१. पूर्ण अनुमोदन.

निळा_दिवा
मी थोडा असहमत. सगळं सांगा हे ठीक, पण विकण्याआधी मशीन नीट करूनच द्यायला काय हरकत आहे? जुने दिवे काढून एलईडी बसवा, कॅबिनेटला नवीन स्टिकर लावा, भाव हजारानं वाढतो. कोविडमध्ये भाव भडकले तेव्हा मी दोन तशी विकली. आता भाव उतरलेत तर मेकअप अजूनच लागतो.

विद्युत_वारकरी
@निळा_दिवा, एलईडीला माझा विरोध नाही, वीज कमी लागते, कनेक्टर गरम होत नाहीत, जुन्या मशीनमध्ये ते कनेक्टर जळून तपकिरी झालेले असतात म्हणून मी स्वतः बसवतो. पण पांढरे फटक एलईडी भरले की १९८० सालचं चित्र सर्व्हिस सेंटरसारखं दिसतं, तिथे उबदार रंगाचे घ्या. स्टिकरचं म्हणाल तर मूळ रंग बरा असताना त्यावर नवीन चिकटवणं मला पटत नाही. ओरखडा हा त्या मशीनचा इतिहास आहे. पहिला फ्लिपर, बोर्ड आणि स्विच, मग वेळ उरला तर मेकअप.

निळा_दिवा
मान्य आहे, फ्लिपर आधी. स्टिकरवर मात्र आपण भांडत राहू :)

आजोळ_अलिबाग
मला एक साधं विचारायचंय, एवढं मोठं धूड घरी आणायचं कसं? ट्रक करायचा का?

मुक्काम_शिकागो
नाही हो, सिएना किंवा ओडिसीसारखी मोठी गाडी असेल तर मागची सीट काढून मशीन आत बसतं. आधी बॉल काढून पिशवीत. दोन माणसांनी मागची बाजू उचलून स्टुलावर टेकवायची, मग पाय काढायचे, प्रत्येक पायाला दोन असे आठ बोल्ट, पाना ५/८ चा. डोकं आडवं करायचं असेल तर मध्ये गोधडी घालायची आणि पट्ट्यांनी बांधायचं. जुन्या बॅलीत डोकं पूर्ण सुटं करावं लागतं, तेव्हा प्रत्येक प्लगचा फोटो काढा आणि त्यावर कागदी टेपनं नंबर लिहा. आणि मित्राला जेवायला बोलावून मगच सांगा की जरा खाली ये, एक काम आहे. आधी सांगितलं तर येत नाहीत.

रानमेवा
हे शेवटचं वाक्य वाचून नवरा हसतोय, कारण परवा आमच्याकडे शेजारी बिर्याणीला येताहेत.

गवती_चहा
मंडळी, दीड महिन्यानं येतेय. मशीन घेतलं!

तुमच्या सगळ्यांचं वाचून मी ॲडम्स फॅमिलीचा हट्ट सोडला, ते बजेटच्या बाहेरच होतं. ॲलनटाऊनला दरवर्षी पिनबॉलची जत्रा भरते तिथे लोक मशीन विकायला घेऊन येतात असं ऐकलं होतं, पण ती मे महिन्यात होऊन गेलेली. मग जाहिरातीच चाळत बसले. घरापासून चाळीस मिनिटांवर एक निवृत्त शाळामास्तर, त्यांच्याकडे विल्यम्सचं पिन-बॉट, १९८६ सालचं. अंतराळाचं! प्लूटोपासून सुरुवात करून एकेक ग्रह करत सूर्यापर्यंत जायचं असतं त्यात. मला तर ते बघूनच नवऱ्याचा तो विंडोजवाला खेळ दिसला.

मी मैत्रिणीला सोबत घेऊन भर दुपारी गेले, फोनवर विद्युत_वारकरींचा प्रतिसाद उघडून. मशीन बंदच होतं, हात लावून बघितलं, काच थंडगार. मास्तरांना म्हटलं काच काढून दाखवाल का, तर ते एवढे खूश झाले, म्हणाले गेल्या चार जणांनी नुसता भाव विचारला, काच काढायला सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बॅटरीचा कोपरा दाखवला, त्यांनी सेल बोर्डावरून काढून वायरीनं खाली वेगळ्या डबीत ठेवलेले, बोर्ड स्वच्छ. बाजूच्या वहीत कुठल्या तारखेला काय बदललं ते पेन्सिलीनं लिहिलेलं, १९९८ पासूनचं. मधला तो मोठा व्हायझर, म्हणजे रोबोटच्या डोळ्यांवरची झडप, मोटारीनं वर जातो ना, तो दोनदा वरखाली करून दाखवला. वरच्या छोट्या प्लास्टिकच्या फिल्डला एक तडा आहे हे त्यांनी मी विचारायच्या आधी सांगितलं. तीन गेम खेळले. तिसऱ्यात दोन्ही बॉल व्हायझरच्या आत जाऊन बसले आणि ते मशीन बोललं, मी घाबरून मागेच सरले.

२,९०० म्हणत होते, तड्याचं बघून २,७०० ला दिलं. वहीपण दिली. निघताना मशीनवरून हात फिरवला त्यांनी, मला जरा भरून आलं. दिवाळीला फोन करणार आहे.

तात्या_डलास
दोन धारा काढून म्हैस घेतलीत ताई. अभिनंदन! वही जपा, ती मशीनहून मोलाची.

सावंतवाडी_ते_सिएटल
किती छान. मला तुमच्या मास्तरांसारखा सेलर मिळाला असता तर. पण वाचून बरं वाटलं.

गिरगावकर
मिस्टरांना कळलं का? की अजून गुपित?

गवती_चहा
गुपित राहणार होतं ऑक्टोबरपर्यंत, चादर टाकून ठेवलं होतं. परवा रात्री दोनला जाग आली, बाजूला कुणी नाही, बेसमेंटमधून फ्लिपरचा टकटक आवाज. खाली गेले तर हा अंधारात, फक्त मशीनचे दिवे, आणि तोंडानं तेच जुने आवाज काढतोय. मला म्हणाला, डब्यात काही आहे का खायला?

आता खरा प्रश्न. व्हायझरसमोरच्या टार्गेटांपैकी एक लागतं पण मार्क देत नाही. मास्तरांकडे नीट चालत होतं. टेस्टमध्येही फक्त तेवढंच दिसत नाही, बाकीची दिसतात. काय करू?

विद्युत_वारकरी
प्रवासात हललं असणार. बाकीची दिसतात म्हणजे पूर्ण ओळ गेलेली नाही, त्या एकट्याचाच प्रश्न. मशीन बंद करा, प्लग भिंतीतून काढा, प्लेफिल्ड उचला. त्या टार्गेटच्या मागे दोन पातळ पात्या दिसतील, त्या टार्गेट दाबल्यावर एकमेकींना टेकतात का बघा. टेकत असतील तर शेजारी काळा बारीक डायोड आहे, त्याची एखादी तार डागातून सुटलेली असेल, बोटानं हलकेच हलवून बघा. बदलायला लागला तर वन-एन-४००४ मागवा. मात्र जुना काढायच्या आधी त्यावरची पांढरी पट्टी कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो काढून इथे टाका, मग पुढचं सांगतो.

गवती_चहा
तार सुटलीच आहे! नवरा टॉर्च धरून बसलाय. पट्टी डावीकडे. फोटो टाकतेय.